कातळावर तीन टाचा

वैशाखरे,
३ नोव्हेंबर

श्वेता,

फाडायचं तर फाड. पण आधी पुढचा परिच्छेद वाच. तो तुझ्या घराबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही.

तुमच्या मागच्या खोलीची भिंत चिरली आहे. कणगीच्या वर, छपराच्या वाशापासून सरळ खाली. दसऱ्याला त्या चिरेत पोस्टकार्ड जात नव्हतं, आता माझी करंगळी जाते. गेल्या महिन्यात तुझ्या भूकंपमापक डब्याने एकतीस धक्के पकडले. माणसाला कळतील असे त्यातले सहा. आणि केरूकाका अजून त्याच भिंतीला उशी लावून झोपतात. मी सांगितलं तर म्हणाले, "जमीन काय तुझ्या पुस्तकात बघून हालते काय रे?" काकींनी तुला यातलं काही सांगितलेलं नसणार. काकांनी त्यांना बजावलंय, "पोरीची बोट हाय दोन डिसेंबरला. तिच्या कानावर घालायचं नाय." बाबा तुझं ऐकतात. एक फोन कर. दोघांना त्या खोलीतून बाहेर काढ, एवढंच मागतो.

झाला परिच्छेद. आता फाड.

नाही फाडलंस तर ऐक. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, तुझ्या मैत्रिणी माझा आवाज ऐकला की ठेवून देतात, म्हणून हे पोस्ट. मुरबाडच्या पोस्टातल्या बाई पत्ता वाचून म्हणाल्या, "पोर्ट ब्लेअर? आठ दिवस धर. कोण आहे तिकडे?" मी म्हटलं, "ज्वालामुखी." त्यांनी शिक्का जरा जोरातच मारला.

मी रोज तुमच्याकडे जातो हे तुला माहीत असेलच. डब्याची देखभाल मला मिळाली. सौरपट्टी पुसायची, बॅटरी बघायची, खड्ड्यात मुंग्या शिरल्या नाहीत ना ते पाहायचं. लोकांना वाटतं पगारासाठी करतो. तू बसवलेला डबा आहे, तुझ्या अंगणाच्या कातळावर. यंत्र जागेवर आहे की नाही हे तपासायला तू शेजारी तीन उड्या मारल्या होत्यास आणि काका ओसरीवरून ओरडले होते, "पोरगी येडी झाली काय गो!" त्या तीन उड्यांची फाईल माझ्या फोनमध्ये आहे. तीन काटे, मधल्याची उंची जरा जास्त. धक्के नसतात तेव्हा रेषेवर तुझं घर दिसतं. पाच वाजता काकी न्हाणीकडे जातात, ती बारीक कंपनं. काकांचं पाऊल जड, उजवं जास्त. शेळी सुटली की नुसता गोंधळ.

आणि आता ते, जे मी फक्त तुलाच सांगू शकतो. जमिनीचा कल मोजायला तू तुझा जुना टिल्टमीटर इथे ठेवून गेलीस, त्याच्याकडे प्रकल्पातलं कोणी बघत नाही. मी बघतो. २८ तारखेपासून कल बदलतोय. रोज थोडा. डोंगराकडची बाजू वर, घराकडची खाली. पहिल्या सहा दिवसांतच दोन मायक्रोरेडियन झाला.

हे मी कोणाशी बोललो नाही. तू डबे बसवायला निघालीयस त्या बेटावर ज्वालामुखी उसळायच्या आधी जमीन अशीच फुगते ना?

जीवन


वैशाखरे,
११ नोव्हेंबर

श्वेता,

उत्तर नाही. ठीक. पत्र अजून समुद्रावरच असेल असं मी धरून चाललोय.

कल चारवर गेला. मोठा आकडा नाही हे मलाही कळतं. किलोमीटरभर लांब पट्टीचं एक टोक चार मिलिमीटर उचललं तर जेवढं तिरकं होईल, तेवढंच. पण तूच म्हणायचीस, किती यापेक्षा थांबतंय का ते बघ. थांबत नाही.

काल पाड्यावर मीटिंग झाली. भगीरथदादा पहिल्यापासून गरम. "डबा बसवला तवापासून हालतंय. काढा तो डबा, फेका ओढ्यात!" मी म्हटलं, "दादा, थर्मामीटर लावला म्हणून ताप येतो का?" लोक हसले. तो आणखी तापला. "मंग तू सांग ना, कॉलेजवाल्या! अर्धं कॉलेज केलंस, अर्धं तरी सांग!"

त्या 'अर्धं'वर माझं डोकं सटकलं. तुला ठाऊक आहे ते कसं सटकतं. मी उठलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "जमीन फुगतेय. माझ्याकडे आकडे आहेत."

ज्वालामुखी हा शब्द मी उच्चारला नाही. शपथेवर सांगतो. तो मागून कोणीतरी काढला, मग कोणाच्या तरी मोबाइलवर लाव्ह्याचा व्हिडिओ फिरला, तो कुठल्या देशातला होता देव जाणे. आपला कातळ थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, इथे खाली काही उकळत नाही, हे पाड्यात फक्त मला माहीत होतं. मी खोडलं नाही. लोक इतकं शांतपणे माझं पहिल्यांदाच ऐकत होते.

आज निम्मा पाडा शाळेच्या मैदानात आहे. ताडपत्र्या, चुली, पोरं, कोंबड्या. शेतात कापलेलं भात तसंच पडून.

तुझे बाबा घरातच. मीटिंगमध्ये एकच वाक्य बोलले, तेही माझ्याकडे न बघता, "माझं भात खळ्यावर येतंय. ते टाकून मी पळणार नाय." आणि निघून गेले.

भिंतीची चीर आज दोन जागी मोजली. पेन्सिलने रेघा मारल्यात. वाढतेय, श्वेता. यात मी एक अक्षर वाढवून लिहीत नाही.

जीवन


वैशाखरे,
१७ नोव्हेंबर

श्वेता,

पत्र मिळालं. नऊ ओळी. दोन वर्षांनी नऊ ओळी.

"फोन करणार नाही, लिहून दे, लिहिलेलं तुला मागाहून बदलता येणार नाही" असं म्हणतेस. कबूल. "बाबांना फोन केला, त्यांनी आधी विचारलं कोणी सांगितलं आणि मग ठेवला." हो, ते मला कळलं. काकांनी त्या दिवशी मला अंगणाच्या दगडी गडग्यावरूनच परत पाठवलं.

आणि शेवटच्या तीन ओळी. "धक्के आणि कल दोन्ही एकत्र असतील तर ही साधी गोष्ट नाही. टिल्टची पूर्ण फाईल ईमेल कर. आकडे खरे निघाले तर बोटीवरची माझी जागा दुसऱ्याला देईन आणि अठ्ठावीसला घरी येईन."

घरी येईन.

ये. लवकरच ये. फाईल पाठवतो, पण कार्ड जरा त्रास देतंय, कॉपी होताना मध्येच अडकतं. एक-दोन दिवस लागतील. तू तिकीट काढून ठेव, अठ्ठावीसपर्यंत महाग होतील.

बाकी ठीक. परवा काकांना माणूस मिळेना म्हणून भारे वाहायला मी गेलो. ते नको म्हणाले नाहीत. भाऱ्यांची उडवी छान रचलीय त्यांनी, माझ्या दीडपट उंच, कणसं आत, बुडखे बाहेर, एक काडी वाकडी नाही. त्याबद्दल नंतर कधीतरी.

तुझ्यासाठी आटगावला स्टेशनवर येऊ का? की नको? तू सांगशील तसं.

जीवन


वैशाखरे,
२३ नोव्हेंबर

श्वेता,

काल फोनवर मी चार वाक्यं बोललो आणि तू दोन. बाकीचं इथे लिहितो. लिहिलेलं बदलता येत नाही, म्हणूनच.

कार्ड खराब नव्हतं.

१५ तारखेला मी भारे वाहिले. शेतातून खळ्यावर, डोक्यावरून, वीस भारे. काकांचं खळं यंदा घराच्या बाजूला आहे, डब्याच्या खड्ड्यापासून पाच पावलांवर. सगळे भारे उडवीवर चढले आणि मी सवयीने टिल्टमीटरचा आकडा बघायला वाकलो. सकाळी पाहिला होता त्यापेक्षा तो सरकलेला होता. म्हटलं, बघू. दुपारी आणखी वीस वाहिले. पुन्हा सरकला. जिन्याची पायरी असावी तसा.

मी जुन्या तारखा काढल्या. कल कधी सुरू झाला? २८ ऑक्टोबरला. काकांनी उडवीचा पहिला थर कधी लावला? काकींना विचारलं, त्या म्हणाल्या, "भाऊबीजेनंतरच्या मंगळवारी." तोच दिवस. दोन तारखेला तुळशीचं लग्न, त्या दिवशी त्यांना भारे वाहायला माणूस मिळाला नाही. दोन तारखेला रेषा सपाट. डोंगर फुगत नव्हता. घराकडच्या बाजूला उडवी वाढत होती आणि तिच्या वजनाने जमीन त्या बाजूला दबत होती.

एवढंच. भात.

हे मला १५ला कळलं. तुझं पत्र आलं १७ला. मी तुला लिहिलं, ये.

सांगायला ईमेल होता, काकांचा फोन होता. सात दिवस नाही सांगितलं. रोज सकाळी उठून ठरवायचो आणि रोज वाटायचं, अजून एक दिवस ती येणार आहे असं राहू दे. पत्राने कळवायचं तर ते तीसला पोहोचणार आणि तू अठ्ठावीसला इथे. परवा शाळेच्या मैदानात भगीरथदादा भेटला. त्याचं कापलेलं भात नऊ दिवस शेतात पडून होतं, डुकरांनी निम्मं तुडवलं. तो ओरडला नाही. मला म्हणाला, "जीवन, तू सांगितलंस म्हणून जीव तरी वाचला आमचा. भात काय, पुढच्या सालाला येल." त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी कदाचित अजून दोन दिवस गप्प बसलो असतो.

तू उचलशील असा फोन एकच, काकांचा. काल सकाळी गडगा ओलांडून आत गेलो. काका ओसरीवर काथ्याचा दोर वळत होते.

"काका, फोन द्या. श्वेताला सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"मी खोटं बोललो म्हणून."

दोर वळायचा थांबला नाही. "कशाबद्दल?"

"तुमच्या उडवीबद्दल."

तेव्हा थांबला. मी सगळं सांगितलं. पाच पावलं, वीस भारे, तुळशीचं लग्न. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी उडवीकडे मान वळवली.

"म्हंजे माझ्या भातानं जमीन वाकवली?"

"हो."

"किती?"

"किलोमीटरला पाच मिलिमीटर."

"मंग यंदा पीक बरं हाय म्हनायचं," ते म्हणाले. काकींना हसू आवरेना. मला मात्र रडायलाच येत होतं.

मग काकांनी दोर बाजूला ठेवला. "आन भित? ती पन उडवीनंच चिरली?"

"भिंतीचं मला माहीत नाय, काका. कल खोटा होता. धक्के खरे आहेत. चीर खरी आहे. मोठा धक्का येईल का, ते माहीत नाय. कदाचित नाय पण येणार. कोणीच सांगू शकत नाय."

"हे तुझ्या तोंडून पयल्यांदा ऐकलं."

"काय?"

"माहीत नाय." दोर पुन्हा हातात घेत म्हणाले, "आन त्या दिवशी तुझ्या आयच्या घरात? तवा पन माहीत नव्हतं?"

तू आमच्याकडे पहिल्यांदा आली होतीस तो दिवस. आईने सगळ्यांना कपबशीतून चहा दिला आणि तुला खिडकीतल्या त्या वेगळ्या स्टीलच्या पेल्यातून. तू प्यालीस. पेला स्वतः धुऊन पालथा ठेवलास. मी समोर बसून बिस्किट खात होतो. महिन्याभराने प्रयोगशाळेतला एक जण तुझ्याविषयी घाणेरडं बोलला तेव्हा मी त्याचं नाक फोडलं, कॉलेज सोडलं, आणि वर्षभर गावाला सांगत फिरलो की मी तुझ्यासाठी किती केलं. तू तेव्हा एवढंच म्हणालीस, "तुझा राग नेहमी चुकीच्या घरात फुटतो." मला वाक्याचा अर्थ कळला नव्हता, मी तुझ्यावरच चिडलो होतो.

"तेव्हा माहीत होतं, काका," मी म्हटलं. "बोललो नाय."

त्यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

पुढचं तुला माहीत आहे. तू विचारलंस, "किती दिवस?" मी म्हणालो, "सात." तू म्हणालीस, "मी बोटीने जातेय." आणि ठेवलास.

तिथून शाळेच्या मैदानात गेलो आणि सगळ्यांसमोर पुन्हा तेच सांगितलं. भगीरथदादाने माझी कॉलर धरली. मी हात खालीच ठेवले. मारलं नाही त्याने, पण मारलं असतं तर बरं झालं असतं. जाताना एवढंच सांगितलं की ज्यांच्या घरांना चिरा आहेत त्यांनी तरी बाहेरच झोपा. "आता तुझं कोन ऐकनार रे," कोणीतरी म्हणालं. बहुतेक सगळे संध्याकाळी घरी गेले.

काका मात्र संध्याकाळी खाट उचलून खळ्यावरच्या मांडवात घेऊन आले. "तुझ्यासाठी नाय, डुकरांसाठी. झोडणी होईस्तोवर भात राखाया पायजे." काकींचं अंथरूणही आणलं. मला म्हणाले, "सकाळी येतोस तेवढं पुरे. सांजचं इकडं फिरकायचं नाय. तुझं तोंड दोनदा बघनं होनार नाय माझ्यानं."

"मग तुम्ही बाहेर आलात हे मला कळणार कसं?"

काकांनी डब्याकडे बघितलं. मग कातळावर टाच आपटली. तीनदा.

"तुझा डबा सांगल."

जीवन


वैशाखरे,
४ डिसेंबर

श्वेता,

तू बेटावरून परतशील तेव्हा हे तुला मिळेल. बोटीवर रेंज नाही असं काकी म्हणाल्या, म्हणून आधी हे वाक्य: काका आणि काकी दोघं सुखरूप आहेत. एक खरचटलेलंसुद्धा नाही. आता पुढचं सावकाश वाच.

२३ पासून रोज संध्याकाळी सातच्या सुमारास मी घरी ओट्यावर फोन घेऊन बसतो. डब्याची रेषा फोनवर दिसते, ती तूच मला लावून दिली होतीस. पाच मिनिटं इकडे-तिकडे, पण तीन काटे येतात. काकांची उजवी टाच. ते आले की मी जेवायला उठतो. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "त्या मोबाइलात काय एवढं बगतोस रे?" मी सांगितलं, "केरूकाका घराबाहेर आले का ते बगतो."  खिडकीतला तो पेला मी आता रोज चहाला घेतो.  आई तो बाकीच्या भांड्यांबरोबर धुते, फळीवर बाकीच्यांबरोबर ठेवते. एवढंच झालंय, जास्त काही झालं असं मी लिहिणार नाही.

परवा, दोन तारखेला, तुझी बोट सुटली त्या दिवशी, काकांच्या टाचा सात वाजून सहा मिनिटांनी आल्या. मी ताटावर बसलो. सात वाजून एकोणीस मिनिटांनी आधी आवाज आला. ट्रकमधून दगड ओतल्यासारखा, पण पायाखालून. मग फळीवरची भांडी खाली. आई भिंत धरायला गेली, मी तिला ओढून बाहेर काढलं. सात-आठ सेकंद असतील.

पाड्यापर्यंत दोन किलोमीटर मी पळत गेलो. अर्ध्या रस्त्यात दम लागला तेव्हा फोन काढला. रेषा पार काळी झाली होती, वरपासून खालपर्यंत. पण तिच्या आधी, तेरा मिनिटं आधी, ते तीन काटे होते. स्वच्छ. तेव्हा कळलं, ते बाहेर आहेत. तरी पळतच राहिलो, पाय ऐकेनात.

मागची भिंत आतल्या बाजूला पडली होती. सबंध. कणगी फुटून भात दगडमातीत मिसळलं होतं, आणि काका ज्या कोपऱ्यात उशी लावायचे तिथे माझ्या छातीएवढा ढीग होता. माझ्या पेन्सिलीच्या रेघा त्यात कुठल्या दगडावर गेल्या कोण जाणे. ओसरीची भिंत उभी आहे. त्यावरच्या दोन्ही तसबिरी, बुद्धाची आणि बाबासाहेबांची, वाकड्या झाल्यात, पडल्या नाहीत. काकी मांडवात खाटेवर बसून शेळीला धरून होत्या. काका बॅटरी घेऊन ढिगाकडे बघत होते. मी गडग्याबाहेरच थांबलो, कारण संध्याकाळी फिरकायचं नाही असं ठरलं होतं.

बॅटरीचा उजेड माझ्यावर आला.

"आत ये," ते म्हणाले. "आज चालंल."

पाड्यात आणखी दोन घरांच्या भिंती गेल्या. भगीरथदादाच्या बायकोच्या पायावर वासा पडला, हाड मोडलंय, मुरबाडला प्लास्टर घातलं. ती घरात होती. २२ तारखेला मैदानातून घरी गेलेल्यांपैकीच एक. मी सात दिवस आधी खरं सांगितलं असतं तर 'बाहेर झोपा' हे त्यांनी ऐकलं असतं का, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. मी स्वतःला रोज विचारतो. माहीत नाय.

सहा तारखेला काका दादरला जाणार आहेत, दरवर्षीसारखेच. मी म्हटलं, घर पडलंय काका, यंदा राहू द्या. ते म्हणाले, "घर पडलंय, मी पडलो नाय." तोवर ढीग उपसायला मी आणि भगीरथदादा आहोत. तो माझ्याशी बोलत नाही. घमेलं मात्र माझ्याच हातात देतो.

तू परत ये असं यात कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघ. तिकडे डबा बसवलास की शेजारी तीन उड्या मारशीलच. त्या नीट मार. मधली जरा जास्त उंच जाते तुझी. टिल्टमीटर बसवताना मात्र आजूबाजूला कोणी काही रचत नाही ना, ते एकदा बघून घे.

आणि एक. काल मी सबंध दिवस तुमच्याकडे दगड उपसत होतो, सहाला घरी आलो. आता त्यांना बाहेर यायला खोलीच उरलेली नाही, खाट कायमची मांडवातच आहे. मी सवयीने ओट्यावर फोन घेऊन बसलो आणि स्वतःलाच हसलो. सात वाजून तीन मिनिटांनी रेषा तीनदा उठली.

जीवन